हात दाखवून औषध ठरवताना

मी एसटीत वाहक आहे, १६ वर्षं झाली. तळहात-तळपायांचा सोरायसिस त्याहून जुना, १९ वर्षांचा. नोकरी बहुतेक सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला गेली, पुसेगाव, वडूज, दहिवडी ह्या रस्त्यांवर. ज्यांना हा आजार नुकताच निघालाय आणि जे वर्षानुवर्षं मलमं बदलत बसलेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. औषध कोणतं घ्यायचं ते मी सांगणार नाही. ते तुम्ही आणि तुमच्या डॉक्टरांनी मिळून ठरवायचं. पण ठरवताना त्यांच्यापुढे काय मांडायचं, काय विचारायचं, हे मला कोणी सांगितलं असतं तर माझी पहिली सहा वर्षं वाचली असती.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण ती घरच्यांनाही वाचून दाखवावी लागते. सोरायसिस लागट नाही. ना हाताला हात लागून होत, ना एका ताटात जेवून. शरीराची रोगप्रतिकारशक्ती बिथरते आणि जी कातडी तयार व्हायला साधारण महिना लागतो ती चार-पाच दिवसांत वर ढकलली जाते. त्याच ह्या खपल्या. आजार चिवट आहे, जातो आणि परत येतो. 'मुळासकट घालवतो' म्हणणाऱ्याकडे पैसे देऊ नका.

आधी दिवस लिहून काढा

गाडी वडूजहून सुटली होती. एका आजींना पाच रुपये परत द्यायचे होते. माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी चीर पडलेली, तिच्या दोन्ही कडांना पांढऱ्या खपल्या. मी नाणं पुढे केलं तसा आजींनी हात मागे घेतला आणि पदर पसरला. "ह्यात टाक, बाय." बोलण्यात राग नव्हता, तोंडही वाकडं केलं नाही. मी नाणं पदरात टाकलं आणि पुढच्या सीटकडे गेले. डेपोत येऊन भरणा करताना नोटा मोजायला बोटं वळेनात, ती चिरेमुळे की रडू आवरण्यामुळे, मला आजही सांगता येणार नाही.

त्याच आठवड्यात त्वचेच्या डॉक्टरांकडे तारीख होती. त्यांनी हात उलटसुलट पाहिले, कोपर पाहिले, गुडघे पाहिले, केस बाजूला सारून डोकं पाहिलं. म्हणाले, "फार पसरलेलं नाही. मलम चालू ठेवा." मी "बरं" म्हणाले आणि उठले. आजींच्या पदराबद्दल अवाक्षर बोलले नाही.

त्यांचंही चुकलं नव्हतं. आजार किती आहे हे पाहायची त्यांची एक रीत असते. रुग्णाचा स्वतःचा पंजा, बोटांसकट, म्हणजे अंगाचा साधारण १ टक्का. पासी नावाचा एक आकडा काढतात, ० ते ७२ मधला. त्यात लाली, जाडी, खपल्या आणि व्याप धरतात. माझ्या दोन तळहातांचे जेमतेम २ टक्के भरतात. कागदावर माझा आजार किरकोळ होता. दिवसभर सुट्टे पैसे हाताळणाऱ्या बाईचे तेच दोन टक्के गेलेत, हे कागदाला कळत नाही. ते आपण सांगायचं असतं.

पुढे ज्या त्वचेच्या डॉक्टर मॅडम मला भेटल्या, त्यांनी दहा प्रश्नांचा एक कागद माझ्यापुढे ठेवला. डीएलक्यूआय म्हणतात त्याला, १९९४ मध्ये कार्डिफच्या डॉक्टरांनी तयार केलेला. गेल्या आठवड्यात खाज-दुखणं किती, लाज किती वाटली, कपडे निवडताना आजाराचा विचार करावा लागला का, कामात अडचण आली का, नवराबायकोच्या संबंधांत आली का, आणि शेवटी, उपचारानेच किती वेळ खाल्ला, घर किती खराब झालं. एकेका प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण ३०. दहाच्या वर गेलं की आजार भारी समजतात, मग अंगावर कितीही थोडा असो. माझे १९ आले. त्या दिवशी पहिल्यांदा माझं औषध बदललं. तुमच्या डॉक्टरांकडे हा कागद असेल तर मागून घ्या. नसला तरी हेच मुद्दे घरी लिहून न्या.

माझी चिठ्ठी कशी असते ते दाखवते. जुन्या तिकीट रोलच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर लिहायचे, आता वहीत लिहिते:

"रात्री खाजेने दोनदा उठते. मशीनचं बटण डाव्या हाताने दाबते. कणीक मळत नाही, थोरली मळते. मुक्कामी गाडी असली की विश्रांतिगृहात सगळ्यांदेखत मलम लावत नाही, म्हणून आठवड्यातल्या दोन रात्री चुकतात."

चार ओळी पुरेत. शेवटची ओळ लिहायला जीव कचरतो, पण डॉक्टरांना सगळ्यात उपयोगी तीच पडते. आजार जोरात असेल त्या दिवशी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, खिडकीच्या उजेडात, दर वेळी तेवढ्याच अंतरावरून. तारखेच्या दिवशी नेमके हात बरे दिसतात, हा माझा कितीदा तरी अनुभव आहे.

मलम लागू पडलं नाही, की लावलंच नाही?

हे मी सविस्तर सांगणार आहे, कारण निम्मे निर्णय इथे चुकतात.

माझ्या फायलीत तीन मलमांपुढे 'उपयोग नाही' असा शेरा होता. मॅडमनी विचारलं, "किती लावत होता?" मी बोटावर हरभऱ्याएवढं काढून दाखवलं. त्या म्हणाल्या, "दोन्ही हातांना एवढंच?" ट्यूब महाग, महिनाभर पुरवायची, म्हणून मी पुरवत होते.

मग त्यांनी माझ्याच तर्जनीवर ट्यूब पिळून दाखवली. बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत सरळ रेघ. ते साधारण अर्धा ग्रॅम. तेवढ्यात एक हात पुढून-मागून होतो. म्हणजे दोन्ही हातांना एका वेळी एक ग्रॅम, दिवसातून दोनदा लावायचं तर दोन ग्रॅम. ३० ग्रॅमची ट्यूब पंधरा दिवसांत संपली पाहिजे. माझी दोन महिने जात होती! तळवे आणि तळपायांची कातडी मुळात जाड, त्यात वर खपल्यांचा थर; तिथे हरभऱ्याएवढं मलम पोचणार कुठे?

आता तुम्हीच हा हिशेब करून जा. डॉक्टरांना सांगा, एक ट्यूब मला किती दिवस जाते. परवडत नसेल तर तेही सांगा, लाजू नका. मॅडम एकदा म्हणाल्या, "पेशंट 'उपयोग नाही' म्हणतो, मी पुढचं जड औषध लिहिते. आणि मलम त्याने लावलेलंच नसतं." डॉक्टरांच्या बाजूने ही केवढी मोठी अडचण आहे, हे मला तोवर कळलं नव्हतं.

स्टेरॉइडचं मलम किती दिवस लावायचं, कधी थांबायचं, हे लिहूनच घ्या. जोरदार स्टेरॉइड महिनोन्‌महिने लावलं तर कातडी पातळ होते, जांघेत आणि काखेत तर लवकरच. चेहऱ्यासाठी वेगळं, तळव्यासाठी वेगळं. घरात कोणाचीही ट्यूब उचलून लावू नका. सॅलिसिलिक ॲसिडचं मलम खपल्या सैल करतं, कॅल्सिपोट्रिऑल हे व्हिटॅमिन डीच्या जातीचं, कोळशाच्या डांबराचं जुनं मलम वास मारतं आणि कपड्याला डाग पाडतं. माझ्या खाकी गणवेशाच्या बाहीला डाग पडला तेव्हा मी ते बंद केलं. मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, फक्त रात्रीच लावा आणि वर सुती हातमोजे घाला. एवढा सोपा तोडगा, पण न विचारता मी ते मलमच टाकून दिलं होतं.

साधी व्हॅसलीन मात्र पर्समध्ये हवीच. हात धुतला की लगेच, ओलसर असतानाच.

जे लपवावंसं वाटतं ते आधी सांगा

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी बाजाराच्या गावातल्या एका दवाखान्यात गेले होते. इंजेक्शन आणि पांढऱ्या गोळ्या मिळाल्या. आठ दिवसांत हात लहान बाळासारखे झाले. मी पेढे वाटले. दीड महिन्याने गोळ्या संपल्या आणि पंधरवड्याच्या आत पाठ, पोट, मांड्या, सगळं लालभडक. थंडी वाजून यायची, अंथरुणात खपल्यांचा सडा. भरती व्हावं लागलं. त्या गोळ्या स्टेरॉइडच्या होत्या. सोरायसिसमध्ये पोटातून स्टेरॉइड घेऊन एकदम थांबवलं की आजार असा उसळू शकतो. दोष मी त्या दवाखान्याला देतेच, पण पुढच्या डॉक्टरांपासून ही गोष्ट वर्षभर लपवली ती मी. ते विचार करत राहिले की हात-पायांपुरता असलेला आजार अंगभर कसा गेला.

तेव्हा ज्या गोळ्या घेतल्या त्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. नाव माहीत नसेल तर रिकामं पाकीट तरी. वैद्यांचा काढा, कोणी दिलेली पुडी, हेही. वैद्यांकडे जाऊ नका असं मी म्हणत नाही, माझ्या सासूबाई जातात. पण यकृतावर ताण देणारी गोळी चालू असताना सोबत कोणता काढा चाललाय, हे डॉक्टरांना माहीत नको? ब्लड प्रेशरच्या काही गोळ्या, मानसिक आजारासाठीचं लिथियम, मलेरियाचं क्लोरोक्विन ह्यांनीही सोरायसिस वाढू शकतो. आपल्या मनाने त्या बंद करायच्या नाहीत, फक्त सांगायचं. दारू आणि तंबाखूचंही खरं सांगा. आमच्या डेपोतल्या एका चालकाने दारूचं लपवलं आणि यकृताचा रिपोर्ट बिघडल्यावर चांगली लागू पडलेली गोळी गमावली.

प्रकाशाची पेटी की शनिवारची गोळी

मी ३१ वर्षांची असताना मॅडम मेथोट्रेक्सेटचा, म्हणजे बिथरलेली रोगप्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळीचा, कागद लिहीत होत्या. लिहिता लिहिता थांबल्या. "ताई, अजून मूल हवंय का?"

तोवर कोणीही मला हे विचारलं नव्हतं, आणि मीही आपणहून सांगितलं नव्हतं. थोरली पाच वर्षांची होती. दुसरं हवं होतं. मॅडमनी पेन खाली ठेवलं. मेथोट्रेक्सेट गरोदरपणात चालत नाही, गर्भाला इजा करतं. दिवस राहण्याच्या कितीतरी आधी ते थांबवावं लागतं. ॲसिट्रेटिन नावाची गोळी तर बंद केल्यावरही तीन वर्षं गरोदर राहायचं नसतं. बायांनो, डॉक्टरांनी विचारायची वाट पाहू नका. लग्न ठरतंय, मूल हवंय, अंगावर पाजतेय, पाळी चुकलीय, हे पहिल्या वाक्यात सांगा. पुरुषांनीही मूल हवं असेल तर विचारावं.

मग दुसरा रस्ता निघाला, प्रकाशाचा. अल्ट्राव्हायोलेट किरणांतला एक ठरावीक पट्टा, ३११ नॅनोमीटरच्या आसपासचा. हातापायांसाठी छोटी पेटी असते, डोळ्यांना गॉगल. सुरुवातीला काही सेकंद, मग हळूहळू वेळ वाढवतात. गरोदरपणातही हा चालतो. पण आठवड्यातून दोन-तीन वेळा जावं लागतं, आणि माझी ड्युटी पहाटे सव्वापाचला सुटायची. इथे मॅडमनी विचारलेला प्रश्न मी तुम्हाला जसाच्या तसा देते, कारण प्रत्येक उपचाराआधी तो स्वतःला विचारायचा आहे: "हे तुम्ही सहाव्या आठवड्यातही कराल का?"

मी दोन दिवस मागून घेतले. डेपोत शेड्यूल लावणाऱ्यांशी बोलले, दुपारी साताऱ्यात संपणारी ड्युटी मागून घेतली. ती मिळाली म्हणून हो म्हटलं. नसती मिळाली तर नाही म्हणावं लागलं असतं, आणि ते नाही म्हणणंही चुकीचं नव्हतं. बावीस बैठका झाल्या. चिरा भरल्या, खपल्या थोड्या राहिल्या.

पण तेवढंच तर ठरलं होतं. सुरू करण्याआधी मॅडमनी विचारलं होतं, "सगळ्यात आधी काय थांबायला हवंय?" मी म्हणाले, "चिरा. नाणी घेता आली पाहिजेत." "खपल्या राहिल्या तर?" "राहू देत." डॉक्टरांच्या मनात 'सगळं साफ' हे यश असतं, आपल्या मनात कधी कधी झोप, कधी कणीक, कधी मुलीच्या लग्नात बांगड्या भरून घेणं. हे आधी बोललं नाही तर तीन महिन्यांनी एकाला औषध यशस्वी वाटतं आणि दुसऱ्याला फसलेलं.

धाकटी झाली, तिचं अंगावरचं दूध सुटलं, आणि मग मेथोट्रेक्सेट सुरू केलं. ह्याबद्दल कळकळीने सांगते: ही गोळी आठवड्यातून एकदाच. रोज नाही. चुकून रोज घेतली तर रक्त तयार होणं थांबतं, माणूस दगावू शकतो. माझा वार शनिवार. डॉक्टरांकडून कागदावर वार लिहून घ्या, मिलिग्रॅम लिहून घ्या आणि गोळ्या किती तेही, कारण अडीचची आणि साडेसातची गोळी दिसायला सारखी वाटू शकते. बाकीच्या गोळ्यांच्या डब्यात ती ठेवू नका. माझी सासूबाईंच्या कपाटात असते, शनिवारी रात्री जेवणानंतर त्या काढून देतात. सोबत देतात ते फॉलिक ॲसिड, म्हणजे एक व्हिटॅमिन, कोणत्या दिवशी घ्यायचं तेही विचारा. तोंड आलं, ताप आला, धाप लागली, अंगावर निळे डाग उठले तर पुढची गोळी न घेता फोन करायचा. दुसऱ्या कोणी डॉक्टरांनी लघवीच्या जळजळीसाठी वगैरे को-ट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक लिहिलं तर त्यांना मेथोट्रेक्सेटचं सांगा, ही जोडी धोक्याची आहे. दुखण्याच्या गोळ्याही विचारूनच.

रक्ततपासणी चुकवू नका. मी एकदा यात्रेच्या जादा गाड्यांच्या गडबडीत चार महिने रक्त दिलं नाही आणि तरी औषध लिहून मागितलं. मॅडमनी नाही म्हटलं. मला राग आला, दाराबाहेर बसून राहिले. दुपारी गर्दी ओसरल्यावर त्यांनी आत बोलावलं आणि म्हणाल्या, "तुमच्या यकृताचं मला काहीच दिसत नाही. अंधारात सही कशी करू?" सकाळपासून साठ-सत्तर माणसं पाहिलेली बाई, चहा थंड झालेला. औषधाचा फायदा आपल्याला होतो आणि अपाय झाला तर त्याचं ओझं त्यांच्या सहीवर असतं. तेव्हापासून रिपोर्ट जुन्यापासून नव्यापर्यंत लावून नेते, म्हणजे आकडा चढतोय का ते त्यांना एका नजरेत कळतं.

इंजेक्शनांचं

बायॉलॉजिकची, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीचा बिथरलेला नेमका भाग अडवणारी इंजेक्शनं मी घेतलेली नाहीत, पण विषय दोनदा निघाला. फार जणांना ती उत्तम लागू पडतात. आधी क्षयाची तपासणी करावीच लागते, छातीचा एक्स-रे आणि रक्ताची किंवा कातडीत टोचून करायची चाचणी, कारण आपल्याकडे दबून बसलेला क्षय पुष्कळांच्या अंगात असतो आणि ह्यातली काही औषधं त्याला जागं करू शकतात. कावीळ बी आणि सीचीही तपासणी होते. पैशांचं विचारताना एका इंजेक्शनची किंमत विचारू नका, पहिल्या वर्षाचा पूर्ण खर्च विचारा; काही औषधांत पहिल्या महिन्यातच चार-पाच वेळा टोचतात. आणि मध्येच परवडेनासं झालं तर काय होईल, तेही. मी सध्या थांबलेय. धाकटीचं शिक्षण आहे, आणि शनिवारची गोळी काम देतेय.

सांधे

सोरायसिस असलेल्या शंभरातल्या तीस जणांपर्यंत सांधेही धरतात. त्याच्या खुणा अशा: नखांवर अंगुस्तानासारखे बारीक खड्डे, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडलेपण, टाच दुखणं, एखादं बोट सबंध सुजणं. आपण त्वचेच्या डॉक्टरांकडे आलोय म्हणून हे सांगत नाही. सांगायचं, आणि सगळ्यात आधी सांगायचं. सांधा एकदा झिजला की परत येत नाही, आणि त्यावरून अख्खं औषध बदलू शकतं.

माझी पुढची तारीख येत्या गुरुवारी आहे. चिठ्ठी लिहून तयार आहे: डावी टाच, सकाळी चाळीस मिनिटं, तीन आठवड्यांपासून. उजव्या तर्जनीचं नख मशीनचं बटण दाबताना दुखतं. चिरा नाहीत. ट्यूब सोळा दिवस गेली. रक्त दिलं, रिपोर्ट सोबत. वर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, हातांचं नंतर, टाचेचं आधी.